प्रस्तावना : अंगाला न लागणारी गोळी

“माह्या आंगाले हे गोयी आता लागतच नाही, भाऊ.”

तेलंगणातल्या मंचेरियलमध्ये लॅब सुरू केल्यापासून हे वाक्य किती वेळा ऐकले, त्याचा हिशेब मी ठेवलेला नाही. त्या दिवशी ते म्हणणारी बाई चेन्नूरकडची होती, माहेर सिरोंच्याचे. तीन महिन्यांत तिसऱ्यांदा लघवीला जळजळ आणि थंडी वाजून ताप. पहिल्या वेळी गावातल्या आरएमपीने, म्हणजे पदवी नसलेल्या डॉक्टरने, दिलेल्या दोन सुयांनी बरे वाटले. दुसऱ्या वेळी पाच सुया लागल्या. तिसऱ्या वेळी सुयाही झाल्या, ‘पावरच्या’ गोळ्याही झाल्या आणि ताप होता तिथेच राहिला. हेच वाक्य मी तेलुगूत ऐकले आहे, श्रीरामपूर-मंदमर्रीच्या कोळसा कामगारांच्या हिंदीत ऐकले आहे आणि राजुऱ्याच्या माझ्या सख्ख्या मामीच्या तोंडूनही ऐकले आहे. हे छोटे पुस्तक म्हणजे त्या एका वाक्याला दिलेले लांबलेले उत्तर आहे.

वाक्यात चूक एकाच शब्दाची आहे, ‘आंगाले’. गोळीची सवय अंगाला होत नसते, जंतूला होत असते. त्या बाईच्या शरीरात काहीच बदललेले नव्हते. उद्या तिला दुसऱ्याच जंतूचा आजार झाला, तर तीच गोळी तिला गुण देऊ शकेल. उलट, तिच्या पोटातला तो जंतू हातावरून, भांड्यावरून, संडासाच्या पाण्यावरून तिच्या जावेच्या पोटात गेला, तर जावेने जन्मात ती गोळी चाखलेली नसली तरी तिलाही ती लागू पडणार नाही. हा फरक शब्दांपुरता नाही. गोष्ट माझ्या अंगाची असेल, तर ती माझी खासगी बाब. सर्दीला मी ॲझी खाईन नाही तर गूळ खाईन, कोणी विचारू नये. पण गोष्ट जंतूची असेल, तर मी विनाकारण घेतलेल्या गोळीची किंमत शेजारी मोजतो. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी चुकीची घेतली तर नुकसान घेणाऱ्याचे. घेणाऱ्याबरोबर न घेणाऱ्याचेही नुकसान करणारी औषधे फार नाहीत. प्रतिजैविके त्यांतली.

त्या बाईच्या नमुन्याचे आम्ही काय केले ते सांगतो, कारण बहुतेकांनी कल्चरचा रिपोर्ट पाहिलेला असतो, कल्चर कोणी पाहिलेले नसते. लघवीचा थेंब तारेच्या कडीने अगारच्या बशीवर ओढला आणि बशी रात्रभर उबवणी पेटीत ठेवली. सकाळी गुलाबी ठिपके दिसले. ई. कोलाय, आपल्या सगळ्यांच्या आतड्यात राहणारा, तिथे असताना निरुपद्रवी आणि मूत्रमार्गात शिरला की त्रासदायक. ते ठिपके सलाईनमध्ये कालवून ते पाणी कापसाच्या काडीने दुसऱ्या बशीभर सारवले आणि त्यावर चिमट्याने कागदाच्या चकत्या ठेवल्या. टिकलीएवढी चकती, सहा मिलिमीटरची. प्रत्येकीत वेगळे औषध. पुन्हा रात्रभर उबवणी. औषध चालत असेल, तर सकाळी चकतीभोवती जंतू उगवत नाहीत आणि स्वच्छ गोल दिसतो. तो बशीच्या पाठीमागून पट्टीने मोजायचा. चालत नसेल, तर जंतूंची पांढुरकी साय चकतीच्या काठापर्यंत, कधी तिच्याखालीसुद्धा पोचते. त्या बाईच्या बशीवर आठ चकत्या होत्या. सिप्रोची चकती सायीत बुडालेली, सेफिक्झिमची बुडालेली, सेफ्ट्रिॲक्झोनचीही तशीच, आणि तिला दिलेल्या सुया त्याच औषधाच्या होत्या. गोल उमटले फक्त दोन.

या सगळ्याला अडीच-तीन दिवस लागतात. ताप मात्र आजचा असतो. गरिबाच्या दवाखान्यात प्रतिजैविक अंदाजाने दिले जाते ते याच कारणाने.

औषधे अशी निकामी कशी झाली, हे आमच्या भागात समजावून सांगायला फार पुस्तकी भाषा लागत नाही. इकडे कापूस पिकतो. चंद्रपूर, यवतमाळ, आदिलाबाद हा एकच काळ्या मातीचा पट्टा, सरकारने मधून रेघ मारली एवढेच. राजुरा तर १९५६पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते. गुलाबी बोंडअळी काय करते, हे इथल्या पोरालाही ठाऊक आहे. बीटी बियाणे आले तेव्हा अळी मरायची. २०१७च्या हंगामात त्याच बीटीच्या बोंडांत विदर्भभर अळ्या सापडल्या. अळी काही शिकून आली नव्हती. हजारोंत एखादीच्या अंगी बीटीचे विष पचवण्याची ताकद आधीपासून होती. बाकीच्या मेल्या, तिची पिल्ले उरली, आणि वर्षामागून वर्ष तेच होत राहिले. बियाण्याच्या पाकिटासोबत साध्या, म्हणजे बीटी नसलेल्या सरकीची छोटी पुडी मिळायची. ती बांधाच्या कडेने लावावी, म्हणजे विषाला न सरावलेल्या अळ्याही शेतात टिकतील, असा हेतू. आमच्याकडच्या बहुतेक घरांत ती पुडी कोपऱ्यात पडून राहिली.

जंतूंचेही तसेच, फक्त वेग भयानक. अळीच्या पिढीला महिना लागतो, तर ई. कोलायला मनासारखे खाणे मिळाले की वीस मिनिटे. संध्याकाळी एक असलेला सकाळी कोटींनी मोजावा. एवढ्या वेळा नक्कल उतरवताना चुका होतातच आणि त्यांतली एखादी चूक औषधाविरुद्ध उपयोगी पडते. २०१६ साली हार्वर्डमध्ये रॉय किशोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन फूट रुंद, चार फूट लांब अशी एक अवाढव्य बशी केली. कडेला औषध नाही, मग थोडे, मग दसपट, शंभरपट आणि मधोमध हजारपट. दोन्ही कडांना जंतू सोडले. प्रत्येक सीमेवर ते अडायचे, थांबायचे, मग एका ठिपक्यातून पंखा उघडावा तसे पुढच्या पट्ट्यात पसरायचे. मधला पट्टा गाठायला त्यांना दहा-अकरा दिवस पुरले. त्याची चित्रफीत मी शाळांमध्ये दाखवतो. मागच्या बाकावरची मुलेही त्या वेळी गप्प होतात.

जंतूंकडे बचावाचे मार्ग तरी किती असावेत! पेनिसिलिनच्या कुळातली औषधे फोडणारी विकरे ते तयार करतात. औषध आत आले की पंप लावून बाहेर फेकतात. आत येण्याची दारेच कमी करतात. औषध ज्या प्रथिनाला चिकटते, त्या प्रथिनाचा आकार बदलतात. सिप्रोच्या बाबतीत बहुधा हेच घडते. यांतला प्रत्येक मार्ग पुढे एकेका प्रकरणात आला आहे, म्हणून इथे ताणत नाही.

एक गोष्ट मात्र इथेच सांगायला हवी, कारण बोंडअळीचा दाखला तिथे अपुरा पडतो. अळी आपली ताकद फक्त पिल्लांना देते. जंतू ती शेजाऱ्यालाही देतात, आणि शेजारी वेगळ्या जातीचा असला तरी देतात. जंतूच्या पोटात मुख्य गुणसूत्रापासून वेगळी, गोल कड्यांसारखी डीएनएची लहान वेटोळी असतात. त्यांना प्लाझ्मिड म्हणतात. दोन जंतू एकमेकांना चिकटले की नळीवाटे या कड्याची नक्कल पलीकडे जाते. आपल्याकडे विरजण जाते तसे. शेजारणीने वाटीभर नेले म्हणून आपले दही कमी होत नाही, आणि तिच्या घरून ते तिच्या नणंदेकडे जाते. जपानी शास्त्रज्ञांना १९५०च्या दशकात आमांशाच्या जंतूंमध्ये हा प्रकार दिसला. एकाच वेळी तीन-चार औषधांना दाद न देणारे जंतू कुठून आले, याचा उलगडा त्यातून झाला. कडे एकच, त्यावर जनुके चार. यातली खोच अशी की त्या चारांपैकी कुठलेही एक औषध घेतले, तरी चारही जनुके असलेला जंतू वाचतो आणि वाढतो. सिप्रो खाणारा माणूस सेफिक्झिमलाही निकामी करत असतो, ती त्याने कधी घेतलेली नसली तरी.

या शर्यतीचा इतिहास औषधाच्या इतिहासापेक्षा जुना आहे. प्रतिजैविके मुळात बुरश्यांनी आणि मातीतल्या जंतूंनीच बनवलेली, त्यामुळे त्यांच्यावरचा तोडगाही मातीत होताच. कॅनडातल्या तीस हजार वर्षे गोठलेल्या जमिनीत प्रतिरोधाची, म्हणजे औषधाला दाद न देण्याची, जनुके सापडली आहेत. फ्लेमिंगने पेनिसिलिन पाहिले १९२८ साली. १९४०मध्ये, म्हणजे ते रोग्यांपर्यंत नीट पोचण्याच्या आधीच, अब्राहम आणि चेन यांनी ते फोडणारे विकर जंतूंमध्ये शोधून काढले होते. डिसेंबर १९४५मधल्या नोबेल व्याख्यानात फ्लेमिंगने एका काल्पनिक नवऱ्याची गोष्ट सांगितली. त्याचा घसा दुखतो. तो पेनिसिलिन विकत आणून थोडेसे घेतो. जंतू मरत नाहीत, पण सरावतात. तेच जंतू त्याच्या बायकोला होतात, तिला न्यूमोनिया होतो आणि पेनिसिलिन चालत नाही. म्हणजे दोष नवऱ्याचा आणि जीव बायकोचा. चेन्नूरच्या बाईच्या जावेबद्दल मी वर लिहिले ते काही माझ्या डोक्यातून आलेले नाही.

आपल्याकडे पेनिसिलिन आले ते अभिमानाने. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने. पुढच्या वर्षी उत्पादन सुरू झाले. १९६१मध्ये तिथेच थिरुमलाचार यांनी हॅमायसिन हे बुरशीवरचे औषध शोधले. इकडच्या तेलुगू मंडळींना येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा अभिमान आहे आणि तो रास्तच आहे. ते संशोधनाचे प्रमुख असताना अमेरिकेत लेडर्ले कंपनीत टेट्रासायक्लिन कुळातले पहिले औषध हाती लागले. त्या पिढीला वाटले, साथीचे रोग आता संपले. वाटणारच. टायफॉइडने घरटी एक मूल नेलेले त्यांनी पाहिले होते, आणि १९४८पासून क्लोरॅम्फेनिकॉलने तशी मुले उठून बसू लागली होती.

टायफॉइडचीच पुढची हकिगत बघा. १९७२ साली केरळात कोझिकोडला क्लोरॅम्फेनिकॉलला दाद न देणाऱ्या टायफॉइडची साथ आली. प्रतिरोध एका जंतूतून दुसऱ्यात जाणारा होता, तेच विरजण. नव्वदच्या सुमारास तीन-तीन जुनी औषधे एकदम निकामी झाली. मग सिप्रो आले आणि दहा-पंधरा वर्षांत मवाळ पडले. मग सेफ्ट्रिॲक्झोन, मग ॲझिथ्रोमायसिन. २०१६च्या अखेरीस पाकिस्तानातल्या हैदराबादेत सेफ्ट्रिॲक्झोनलाही न जुमानणारा टायफॉइड पसरला. यात एक गमतीची आणि थोड्या दिलाशाची बाब आहे. क्लोरॅम्फेनिकॉल वापरायचे सोडल्यावर आपल्याकडचे टायफॉइडचे बरेचसे जंतू त्याला पुन्हा बळी पडू लागले आहेत. ओझे फुकटचे असेल तर जंतूही ते टाकून देतो, निदान काही वेळा.

इथे माझ्या धंद्याचीही कबुली देतो. आमच्या भागात ‘टायफॉइड’ म्हणून जे सांगितले जाते, त्यातले पुष्कळ टायफॉइड नसते. विडालची चाचणी १८९६ची. एकदाच केलेली विडाल जुन्या तापाने किंवा दुसऱ्याच जंतूनेही पॉझिटिव्ह येऊ शकते. तिच्या एका रिपोर्टावर दहा-दहा दिवस सुया टोचल्या जातात. असे रिपोर्ट देणाऱ्या लॅबांत एकेकाळी माझीही होती. रोग्याला आजच कागद हवा असतो आणि आम्ही तो देतो.

आरएमपींना शिव्या घालणे सोपे आहे. त्यांच्याकडे पदवी नाही आणि त्यांनी प्रतिजैविके देऊ नयेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण रात्री दोन वाजता फणफणलेले पोर घेऊन माणूस ज्याचे दार वाजवतो, तो गावात राहणारा तोच असतो. मंचेरियल २०१६मध्ये जिल्हा झाले, २०२२मध्ये इथे सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झाले. प्राणहितेच्या काठच्या गावाला यातले काय आणि कधी मिळाले, ते त्या गावालाच विचारावे.

आता नदीबद्दल. मंचेरियल गोदावरीच्या काठी आहे. इथवर येणारे पाणी नुसते नाशिक-पैठणचे नसते. बीड जिल्ह्यात पाटोद्याच्या डोंगरात उगम पावलेली मांजरा लातूर, बिदर, मेदकवरून वळसा घेते आणि बासरच्या अलीकडे कंदकुर्तीला गोदावरीत मिळते. नांदेडकर पोरांना अक्षरओळखीसाठी नेतात ते बासर. या मांजरेला हैदराबादच्या पश्चिमेकडून नक्कावागू नावाचा ओढा मिळतो आणि त्याच्या वरच्या अंगाला पाटनचेरूची औषध वसाहत आहे. २००७मध्ये स्वीडनच्या योआकिम लार्सन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या सामायिक प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या, म्हणजे प्रक्रिया झालेल्या, पाण्याची तपासणी प्रसिद्ध केली. लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रो! गोळी घेतलेल्या माणसाच्या रक्तातही एवढे नसते. एका दिवसात बाहेर पडणारे सिप्रो सुमारे ४५ किलो, तेव्हाच्या नव्वद लाख वस्तीच्या स्वीडनला पाच दिवस पुरेल इतके. पुढे ते सांडपाणी नळाने हैदराबादेत अंबरपेटला नेण्यात आले, तिथून ते मुसीत जाते. मधे निजामसागर, श्रीरामसागर ही धरणे आहेत. म्हणून पाटनचेरूचे औषध मंचेरियलच्या घाटाला लागते असे मी म्हणणार नाही. किशोनीच्या बशीत माणसाने मुद्दाम पट्टे आखले होते. पाटनचेरूच्या ओढ्यात ते आपोआप आखले गेले, कारखान्याशी हजारपट आणि खाली जावे तसे कमी, एवढेच मला दाखवायचे आहे. देशात कारखान्यांच्या सांडपाण्यातल्या प्रतिजैविकांना मर्यादा घालणारा मसुदा २०२०मध्ये निघाला होता. २०२१च्या अंतिम नियमांत ती मर्यादा राहिली नाही. आणि मंचेरियलजवळच्या येल्लमपल्लीहून गोदावरीचे पाणी आज नळाने हैदराबादलाच पिण्यासाठी जाते.

मुंबईचे नाव या विषयात दोनदा गाजले. हिंदुजा रुग्णालयाच्या डॉ. झरीर उदवाडिया यांनी २०११च्या अखेरीस क्षयाचे चार रुग्ण नोंदवले. तपासलेले एकही औषध त्यांच्या जंतूंवर चालत नव्हते. त्या आधी २०१०मध्ये एनडीएम-१ या विकरावरून गदारोळ झाला होता. शेवटच्या फळीतली कार्बापेनेम औषधे फोडणारे हे विकर मुंबईच्या रुग्णालयांतही सापडत होते. नावात ‘न्यू दिल्ली’ का घातले, यावरच आपल्याकडे जास्त भांडण झाले. नाव बदलले असते तरी जंतू बदलला नसता.

आकडे एकदाच देतो. २०१९मध्ये जगात १२ लाख ७० हजार माणसे थेट प्रतिरोधामुळे दगावली, असा लॅन्सेटमधला अंदाज आहे. ज्यांच्या मृत्यूशी त्याचा संबंध होता अशी साडेएकोणपन्नास लाख. २०२५ ते २०५० या काळासाठी थेट मृत्यूंचा अंदाज ३ कोटी ९० लाखांचा आहे. हे मृत्यू डोळ्यांत भरत नाहीत. दाखल्यावर ‘प्रतिरोध’ असे कोणी लिहीत नाही. सिझेरियननंतरचा ताप, सातव्या महिन्यात जन्मलेले बाळ, केमोथेरपी चाललेला बाप, खुबा बदललेली आजी, अशीच नोंद होते. शस्त्रक्रियेचे सारे धाडस प्रतिजैविकाच्या भरवशावर उभे आहे.

नियम आहेत. १ मार्च २०१४पासून शेड्यूल एच-१ लागू आहे. त्यातली औषधे विकताना दुकानदाराने डॉक्टरचे व रोग्याचे नाव वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपायची असते. २०१९मध्ये कोंबड्या, जनावरे आणि मासे वाढवताना कोलिस्टिन वापरायला बंदी झाली. ही बंदी मला सगळ्यांत शहाणपणाची वाटते, कारण माणसांसाठी शेवटचे म्हणून राखलेले औषध कोंबडीच्या वजनासाठी उडवले जात होते.

‘कोर्स पूर्ण करा’ या वाक्याबद्दल मात्र मी सावध आहे. क्षयाच्या बाबतीत ते ब्रह्मवाक्य आहे, एक दिवसही चुकवू नये. पण इतर अनेक संसर्गांत थोड्या दिवसांचे औषधही तेवढेच काम करते, असे आता दिसून आले आहे. जास्तीचे दिवस आतड्यातल्या निरुपद्रवी जंतूंना मारतात आणि मोकळी जागा प्रतिरोधी जंतूंना मिळते. बांधावरची साधी सरकी आपण स्वतःच उपटतो म्हणा ना. तेव्हा किती दिवस हे डॉक्टरने ठरवावे. आपल्या मनाने वाढवू नये, आपल्या मनाने सोडू नये, आणि उरलेल्या चार गोळ्या पुढच्या तापासाठी डब्यात ठेवू नयेत.

वाचकाकडे एकच मागणे आहे. पुढे वाचण्याआधी घरातला औषधांचा डबा काढा आणि पट्ट्या उलट्या करून पहा. उभी लाल रेघ असलेली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये अशी, पट्टी सापडली, तर ती कोणासाठी आणली होती, कोणी लिहून दिली होती आणि अर्धी का उरली, हे आठवून पहा. चेन्नूरच्या त्या बाईला उरलेल्या दोन औषधांपैकी एकाने गुण आला. तिच्या परवानगीने तिच्या बशीचा फोटो पहिल्या प्रकरणाच्या सुरुवातीला छापला आहे. चकत्या आठ आहेत, गोल दोन.